कोपरीचा बाप, डोंबिवलीची आई

आंब्याच्या साली ओट्यावर जरा वेळ राहिल्या की ती येतात. खिडकीला जाळी आहे, दार लोटलेलं आहे, तरी मे महिन्याच्या दुपारी सालींच्या ढिगावर चार-पाच चिलटं तरंगायला लागतात. इतकी हलकी, की उडतायत असं वाटतच नाही. कोणीतरी हवेत सोडून दिलीत आणि ती पडायला विसरलीत. माझी जाऊ फडकं उचलते. मी म्हणते, "थांब गं, एक मिनिट." आणि वाकून बघते. डोळे विटकरी लाल आहेत का? नराच्या पोटाचं टोक काळं आहे का? कारण आंब्यावर येणारं प्रत्येक चिलट एकाच जातीचं नसतं. तीन-चार जाती एका सालीवर बसून जेवतात आणि आपण सगळ्यांना एकच नाव ठेवून मोकळे होतो. घरातले आता हसतही नाहीत. मी कल्याणला एका शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा हे चालायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलंय.

पण दरवर्षी पहिलं चिलट दिसलं की एक उन्हाळा जसाच्या तसा परत येतो. त्याचा आधी वास येतो. आंब्याचा नाही, शिजणाऱ्या मक्याच्या पिठाचा, गुळाचा आणि यीस्टचा.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज डोंबिवलीत, घर ठाण्याला कोपरीत. आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या मागे एक अरुंद खोली होती, तिला सगळे 'माश्यांची खोली' म्हणत. तिथे लाकडी मांडणीवर दुधाच्या जुन्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या असत. प्रत्येकीच्या तळाशी दोन बोटं घट्ट खीर, तोंडाला कापसाचं बूच, आणि मधल्या मोकळ्या जागेत पन्नास-शंभर फळमाश्या. ही खीर हिरामावशी शिजवायची.

हिरामावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची मदतनीस. मानपाड्याकडच्या गावातली, आगरी. तिच्या भावांच्या भातखाचरांवर तोवर इमारती उभ्या राहिलेल्या, घरात कशाला कमी नव्हतं, पण ती रोज सकाळी आठाच्या आत कॉलेजात हजर असायची. उंच, काळीसावळी, नऊवारी घट्ट खोचलेली, आणि बोटं अशी नाजूक चालणारी की तिच्या हातातून कधी बाटली निसटली नाही. खीर ढवळताना ती कोणाशी बोलायची नाही. तळाला लागली तर माश्यांच्या अळ्या खात नाहीत, हे तिला कुठल्याही पुस्तकाआधी कळलेलं.

त्या खोलीत एक खास ओळ होती, 'जुनी माशी' नावाची. जवळपास शंभर वर्षांपूर्वी परदेशात कुठेतरी पकडलेल्या माश्यांचा तो वंश. तेव्हापासून बाटलीतून बाटलीत, प्रयोगशाळेतून प्रयोगशाळेत हात बदलत तो आमच्यापर्यंत आलेला. आमच्या कॉलेजात तो कोणी आणला हे सध्याच्या प्राध्यापकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दर पंधरा दिवसांनी नवी बाटली भरायची, जुनी तिच्या तोंडावर उपडी धरायची आणि मांडीवर हलकेच आपटायची; माश्या खाली उतरल्या की बूच लावायचं. बस, एवढंच. पण एकदा जरी चुकलं तर संपलं. हिरामावशीनं वीस-बावीस वर्षं ते चुकू दिलं नव्हतं. एका पावसाळ्यात खाडीचं पाणी रस्त्यावर आलेलं असतानाही ती गुडघाभर पाण्यातून येऊन बाटल्या बदलून गेलेली. "त्यांना काय ठाव पानी आलाय," एवढंच म्हणालेली.

माझा प्रकल्प साधा होता. सामंत मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या म्हणाल्या, "मंजिरी, तुझ्या घरातली माशी आण. बाटलीतल्या माशीशी तिची जोडी लाव. मुलांमध्ये काय फरक दिसतो तो बघ. पंखांची लांबी मोज, पाठीवरचे केस मोज. शांतपणे काम केलंस तर सुंदर प्रकल्प होईल."

आमच्या गावाहून, राजापूरकडून, आंब्याची पेटी आलेली. आई पेंढ्यात आंबे लावून कॉटखाली सरकवायची. मी त्यांच्याजवळ एक बाटली ठेवली, आत पिकलेलं केळं, तोंडाला कागदाचा शंकू. दोन दिवसांत बाटलीत गर्दी. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लोकांच्या मुली चिलटं मारतात, आमची पाळते." मी ती बाटली मांडीवर घेऊन डोंबिवलीला गेले. खोलीत शिरताच हिरामावशीनं बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "यात तुजी धाच हायेत. बाकी दुसरीच चिलटा." भिंगाखाली बघितलं, तर अकरा निघाली.

पुढच्या कामासाठी कोऱ्या माद्या लागतात, म्हणजे ज्यांची अजून कोणाशी जोडी लागलेली नाही अशा. कोशातून बाहेर पडल्यावर काही तासांच्या आत त्या वेगळ्या काढाव्या लागतात. बाहेरून पकडलेली मादी आधीच जुळलेली असते, तिचा उपयोग नाही. म्हणून सोपा मार्ग म्हणजे मादी बाटलीतली घ्यायची आणि नर बाहेरचा. आई डोंबिवलीची, बाप कोपरीचा. मी सोपा मार्ग घेतला.

मार्च संपताना खोलीतलं तापमान राखणारं कपाट बिघडलं. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. हिरामावशीनं पत्र्याच्या ट्रेमध्ये पाणी भरलं, त्यात बाटल्या उभ्या केल्या आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. दर तासाने ती त्यावर पाणी शिंपडायची. तरी आतला पारा एकोणतीसच्या आसपास राहायचा. एप्रिलची डोंबिवली, बाहेर डांबर मऊ पडलेलं, आत गुळाचा आंबूस वास, आणि गोणपाटाखाली माझ्या माश्यांचं गोकुळ वाढत होतं.

ती पिल्लं मोठी झाली. सुरेख दिसत होती. डोळे लाल, पंख पारदर्शक, उजेडाच्या दिशेनं चढणारी. मी त्यांचे केस मोजले, पंख मोजले, वहीत तक्ते काढले. मग त्यातल्या मुलींना नरांबरोबर नव्या बाटल्यांत ठेवलं. तीन दिवस, चार दिवस, आठवडा. बहुतेक बाटल्यांत खिरीचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत राहिला. अंडी नाहीत, अळ्या नाहीत. माश्या मात्र मजेत. खातायत, उडतायत, नर त्यांच्यामागे पंख थरथरवत फिरतायत.

मी घाबरले. वही घेऊन मॅडमकडे गेले. तिथे विभागप्रमुख सरही बसलेले. मी म्हणाले, "मॅडम, दहातल्या सहा-सात मुली वांझ निघाल्यात."

मागे कपाट पुसणाऱ्या हिरामावशीचा हात थांबलेला मला दिसला. पण तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

सर म्हणाले, "गेल्या वर्षी एकीनं डिसेंबरात हीच जोडी लावली होती. व्यवस्थित पिल्लं आली होती. तू बाटल्या नीट धुतल्यास का?"

"धुतल्या, सर."

"मग स्टॉकच खराब झालाय. इतकी वर्षं आपापसांत वाढलेला वंश, व्हायचाच कधीतरी. सामंत मॅडम, मे अखेरीला रंगकाम आहे, ती खोली रिकामी करायचीच आहे. जुनी माशी काढून टाकू. स्पिरिटमध्ये ओता आणि बाटल्या धुऊन ठेवा. जूनमध्ये नवा स्टॉक मागवू."

इतकं सहज. माझ्या एका वाक्यानं. मॅडमनी माझी वही ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "मला दोन दिवस द्या, सर."

मी माश्यांच्या खोलीत परत आले तर हिरामावशी गोणपाटावर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, एक सांगू? तो शब्द नको वापरूस."

"कोणता?"

"वांज."

तिनं हात पदराला पुसले आणि स्टुलावर बसली. पुढचं सगळं तिनं असं सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाबद्दल सांगतेय. लग्न होऊन ती खाडीपलीकडच्या गावात गेलेली. सहा वर्षं मूल झालं नाही. देव झाले, डॉक्टर झाले, सगळं तिचंच झालं. एके दिवशी सासऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि ओटीवर उभ्याउभ्याच तो शब्द वापरला. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. "तिलाव नाय झाला," मावशी म्हणाली. "तिलाव माहेरी धारली. पन त्याला कोनी काय इचारला नाय."

मग ती उठली, एक बाटली उजेडात धरली. आत माझ्या त्या मुली काचेवर चढत होत्या.

"यांची आयस घरातली, बापूस भायेरचा. आसाच ना?"

"हो."

"मंग उलटा लावून बगलास?"

जोडी उलटी लावून बघणं हा आमच्या विषयातला पहिला धडा. मादी इकडची, नर तिकडचा. मग मादी तिकडची, नर इकडचा. कष्ट वाचवायला मी तो अर्धाच केलेला. आणि अर्ध्या धड्यावर निकाल सांगून आलेले.

"मना कोनी उलटा लावून बगला नाय," हिरामावशी म्हणाली. "तू यांना तरी बग."

दोन दिवसांचे पंधरा झाले. मॅडमनी सरांकडून ते मागून घेतले. त्यांनी मला एकच सांगितलं, "सगळ्या जोड्या एकाच वेळी लाव, एकाच ट्रेमध्ये, एकाच गोणपाटाखाली. उष्णतेचा दोष असेल तर तो सगळ्यांना लागेल." उन्हाचा संशय मलाही होताच. कोपरीच्या माश्यांची वेगळी बाटली मी आधीपासून वाढवत होतेच, तेव्हा त्यांच्याही कोऱ्या माद्या मिळणार होत्या. मग चार ओळी मांडल्या. जुनी आई, जुना बाप. कोपरीची आई, कोपरीचा बाप. जुनी आई, कोपरीचा बाप. कोपरीची आई, जुना बाप.

कोऱ्या माद्या गोळा करायला मी सकाळी सातला खोलीत पोचायचे. हिरामावशी माझ्या आधी आलेली असायची. नुकतीच कोशातून निघालेली माशी फिकट असते, लांबट, पंख अजून न उलगडलेले, पोटात एक गडद ठिपका. मावशी भिंगाशिवाय ओळखायची. मऊ कुंचल्यानं ती एकेक उचलून द्यायची आणि पुटपुटायची, "ही कोरी. ही कोरी. ही नाय, ही काल रातचीच हाय." मे उजाडला. खोलीबाहेरच्या गुलमोहरानं सगळं अंगण लाल केलेलं. कॉलेजला सुट्टी लागली, कॉरिडॉर रिकामे झाले, रंगाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर रंगाचे डबे आणून ठेवले. आमच्या खोलीची पाळी कधी येते, तेवढंच बाकी होतं.

मुली जन्मल्या, मोठ्या झाल्या. या वेळी मॅडम म्हणाल्या, "अंड्यांची वाट नको बघू. आत काय आहे ते बघू."

भिंगाखाली, मिठाच्या पाण्याच्या थेंबात, दोन चिमट्यांनी माशीच्या पोटाचं टोक हलकेच ओढायचं असतं. सगळं आतलं त्या थेंबात उतरतं. पहिली मी जुन्या आईची आणि जुन्याच बापाची मुलगी घेतली. थेंबात दोन पांढरे गेंद, म्हणजे अंडाशयं, तरंगत आले. केळफुलाची एक पाकळी उचलली की आत कशी फुलांची फणी दाटीनं बसलेली असते, तशा अंड्यांच्या रांगा, आणि शेवटच्या पिकलेल्या अंड्याला दोन बारीक शिंगं. कोपरीच्या दोघांची मुलगी, तिथेही तेच. म्हणजे नुसत्या उन्हाचा दोष नव्हता. जुना वंश खराब झालेला नव्हता.

मग कोपरीचा बाप, डोंबिवलीची आई. माशी तितकीच टपोरी, तितकीच चपळ. चिमटा ओढला. थेंबात आतडं आलं, पाण्यासारख्या नळ्या आल्या, आणि जिथे ते दोन गेंद असायला हवेत तिथे दोन खुरटलेले धागे. बस. पुढची उघडली, तसंच. त्यापुढची, तसंच. मधूनच एखादी धड निघायची.

मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता उलटी."

कोपरीची आई, डोंबिवलीचा बाप. आजी-आजोबा तेच, घराणी तीच, ऊन तेच, खीर तीच. फक्त कोण आई आणि कोण बाप एवढंच बदललेलं. मी चिमटा ओढला आणि थेंब अंड्यांनी भरून गेला.

मी दहा उघडल्या. दहाही भरलेल्या.

मी चिमटे खाली ठेवले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मंजिरी, तू हे परीक्षेत लिहिलंयस." आणि मला एकदम आठवलं. दहा मार्कांचा प्रश्न होता. मी आकृती काढून उत्तर लिहिलेलं, मार्कही चांगले पडलेले. पण पानावरची गोष्ट माझ्याच बाटलीत घडली तेव्हा मी तिला ओळखलं नव्हतं. तिला मी चूक म्हणाले.

मॅडमनी मला ती गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी मार्कांसाठी नाही. प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा जो लांबच लांब धागा असतो, त्यात काही तुकडे असे असतात की ते एका जागी राहत नाहीत. स्वतःला कापून घेतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. जिथे बसतात तिथलं बिघडवतात, कधी काही नवंही करून ठेवतात. आपल्या माशीतल्या अशाच एका तुकड्याला 'पी' असं एकाच अक्षराचं नाव आहे. फार पूर्वी पकडलेल्या माश्यांच्या वंशात तो सापडत नाही. आता बाहेर पकडाल त्या माशीत बहुधा असतोच. मधल्या थोड्या दशकांत तो अमेरिकेकडच्या एका दूरच्या नातलग जातीतून आपल्या माशीत आला, बहुतेक एखाद्या गोचिडासारख्या बारीक किड्याच्या तोंडातून, आणि जगभर पसरला. येताना त्याला कोणी पाहिलं नाही.

"कोपरीला तुमच्या आंब्यावर बसते ती माशी त्याला अंगात घेऊन बसते," मॅडम म्हणाल्या. "आणि आपली जुनी माशी तो येण्याआधीच बाटलीत शिरली. तिला तो माहीतच नाही."

"मग उलट जोडीत काही का होत नाही?"

"कारण ज्या आईच्या अंगात तो तुकडा आहे, ती अंड्यात नुसता तुकडा नाही देत. त्याला ओळखणारे बारीक बारीक रेणू पण ठेवते. तुकडा जागा झाला की ते त्याला गप्प करतात. बापाला ते देता येत नाही, त्याच्या शुक्राणूत तेवढी जागाच नसते. ज्या आईनं तो तुकडा कधी पाहिला नाही, तिच्या अंड्यात बापाचा तुकडा आला की त्याला अडवणारं कोणी नसतं. उष्णता असली की तो मोकाट सुटतो, आणि पुढच्या पिढीसाठी राखलेल्या पेशी तेवढ्या मरतात. थंडीत हे नीट दिसत नाही. म्हणून डिसेंबरातल्या त्या विद्यार्थिनीला काही सापडलं नाही."

मी त्या बाटल्यांकडे बघत होते. दुधाच्या बाटल्या, कापूस, मक्याची खीर. आणि त्यात एक काळ जसाच्या तसा जिवंत बसलेला, ज्या काळी जगातल्या या माश्यांना तो पाहुणा ठाऊकच नव्हता. बाहेरचं जग बदलून गेलं, आणि इथे, डोंबिवलीत, एका बाईनं दर पंधरा दिवसांनी बूच घट्ट लावून तो काळ राखला. एक चिलट जरी आत शिरलं असतं, तरी काही पिढ्यांत तो संपला असता. आमच्या वांझ ठरवलेल्या मुली त्या वंशाच्या शुद्धतेचा पुरावा होत्या.

हिरामावशी दारात उभी होती. मॅडमनी तिला हात धरून आत आणलं, भिंगासमोर बसवलं. इतकी वर्षं ती ती भिंगं पुसत आलेली. त्यातून बघायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिनं आधी एक डोळा लावला, मग दोन्ही. मी थेंबाखालची काच जरा सरकवली.

"ही कोनाची?" तिनं विचारलं.

"उलट लावलेल्या जोडीची. तुम्ही सांगितलेली."

तिनं भिंगावरून डोळे उचलले तेव्हा त्याच्या कडेवर ओल होती. ती तिनं पदरानं पुसली, नेहमी पुसायची तशीच, गोल गोल.

त्या दिवशी मला वाटलं, माशीवरून माणसाविषयी काही म्हणू नये. मॅडमनीच ते शिकवलेलं. माशीला सासर नसतं, ओटी नसते, शब्द नसतात. हिरामावशीच्या आयुष्यात काय झालं असेल ते त्या थेंबात दिसत नव्हतं, आणि आम्ही तिघींपैकी कोणी तसं म्हटलंही नाही. पण एक गोष्ट मी तेव्हा शिकले ती अजून मुलांना शिकवते. निकाल सांगण्याआधी जोडी उलटी लावून बघायची.

मॅडम सरांकडे गेल्या, सोबत मला आणि माझ्या वहीला घेऊन. सरांनी वही दोनदा वाचली. मग चष्मा काढला. ते वाईट नव्हते. त्यांना खोली रंगवायची होती. म्हणाले, "म्हणजे मी हे स्पिरिटमध्ये ओतायला सांगितलेलं?" आणि स्वतःच उठून माश्यांच्या खोलीत आले. हिरामावशीला म्हणाले, "मावशी, रंगाऱ्यांना ही खोली सोडून द्यायला सांगतो." त्यावर ती म्हणाली, "सोरू नका. भिंती लय मळल्यात. मी बाटल्या चार दिस वरच्या वर्गात नेते." आणि नेल्या. एकेक बाटली छातीशी धरून, दोन जिने चढून. मी पुढे दार उघडून धरत होते.

मी प्रकल्प पूर्ण केला. पुढे संशोधनात गेले नाही. लग्न झालं, कल्याणला आले, शाळा धरली. कधी त्याची चुटपुट लागते. पण आश्चर्य काही मला सोडून गेलं नाही. नंतर वाचत गेले तसं ते वाढतच गेलं. माशीच्या गुणसूत्रांची टोकं पिढ्यान्‌पिढ्या झिजत जातात, आणि ती भरून काढायचं काम अशाच जागा बदलणाऱ्या तुकड्यांनी अंगावर घेतलंय. आपल्या स्वतःच्या आनुवंशिक मजकुरातला जवळजवळ निम्मा भाग अशाच भटक्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. आईच्या पोटात बाळाला पोसणारी जी वार असते, तिचा एक थर घडवणारं जनुक फार पूर्वी एका विषाणूकडून आपल्याकडे आलं. हे वाचलं तेव्हा माझी मुलगी पोटात सातव्या महिन्याची होती. मी पुस्तक मिटून पोटावर हात ठेवला. आपण ज्याला 'मी' म्हणतो, त्यात किती जण बाहेरून आले, नासधूस केली, गप्प केले गेले, आणि मग हळूहळू घरचेच झाले.

हिरामावशी निवृत्त झाली. तिच्यामागे आलेली सुनंदा ती जुनी माशी अजून सांभाळतेय. मावशी भावाच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. उन्हं उतरलेली, मागच्या अंगणात, ओट्याकडे पाठ करून, बाकावर ठेवलेला फणस ती उभ्यानं कापत होती. हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल लावलेलं, चीक लागू नये म्हणून. गऱ्यांच्या वासानं अंगण भरलेलं.

मी नुकतंच काही वाचलेलं ते मला तिलाच सांगायचं होतं. "मावशी, आपल्या माशीची एक बहीण आहे. दुसरी जात, पण हुबेहूब तशीच दिसते. तिच्यात तो तुकडा कधीच नव्हता. आणि आता आलाय. आपल्या माशीतून तिच्यात गेलाय, कसा ते कोणाला कळलं नाही. थोड्या वर्षांत जगभर पसरला."

"कदी गेला?"

"तुम्ही आणि मी ज्या वर्षी बाटल्या मांडत होतो ना, साधारण त्याच सुमाराला."

सुरी फणसात तशीच राहिली. "आमी खीर शिजवत व्हतो तवा?"

"हो."

"म्हंजे पुराना नाय झाला ता. आजून चाललाय."

"अजून चाललंय, मावशी."

तिनं तेलकट हात अंगापासून दूर धरले, मागे सरकून ओट्याची कड पायानं चाचपली आणि म्हणाली, "थांब गो बाय, जरा बसू दे मना."